पालखीवाला करकायदा कुठे शिकले?

कायद्याच्या अंतिम वर्षाचा निकाल लागतो, सनदेसाठी अर्ज भरून होतो आणि करकायद्याकडे वळू पाहणाऱ्या पदवीधरापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. आणखी एक-दोन वर्षे घालवून एलएल.एम. करावे, एखादी करविषयक पदविका पदरात पाडून घ्यावी, सनदी लेखापालाच्या परीक्षांना बसावे, की सरळ एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये दाखल व्हावे? बरोबरीचे मित्र नोकरीला लागलेले असतात. मुलगा किंवा मुलगी कमावती कधी होणार, याची घरच्यांना चिंता असते. अशा वेळी शिक्षणाचे आणखी एखादे वर्ष ही केवळ शैक्षणिक बाब राहत नाही.

या प्रश्नाची चर्चा निघाली की मुंबईच्या एका वकिलाचे नाव पुढे येतेच. स्वतंत्र भारतातील सर्वांत नामवंत करतज्ज्ञांपैकी एक असलेल्या नानी अर्देशिर पालखीवाला यांच्याजवळ करकायद्यातील एकही पदवी नव्हती. इंग्रजी साहित्यातील एम.ए. आणि त्यानंतरची एलएल.बी., एवढ्या शिदोरीवर त्यांनी या क्षेत्रात पाऊल टाकले. एवढ्यावरून पुढच्या शिक्षणाची गरजच नाही, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. पण तो घाईचा आहे. पालखीवाला यांचा जीवनक्रम नीट पाहिला तर पदवीनंतर त्यांनी जितका अभ्यास केला, तितका कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मावला नसता, हे ध्यानात येते.

साहित्याच्या वाटेवरून कायद्याकडे

नानींचा जन्म १६ जानेवारी १९२० रोजी मुंबईतील एका सर्वसामान्य पारशी कुटुंबात झाला. पूर्वज पालख्या बनवीत, म्हणून आडनाव पालखीवाला पडले. घरात श्रीमंती नव्हती. मास्टर्स ट्युटोरियल हायस्कूलमध्ये शिकणारा हा मुलगा हुशार होता, पण बोलताना अडखळत असे. पुढे ज्याचे भाषण ऐकण्यासाठी क्रीडांगणे भरावीत, त्या माणसाला लहानपणी तोतरेपणाशी झगडावे लागले होते. चिकाटीने त्याने त्या दोषावर मात केली. पुस्तकांचे वेड मात्र तेव्हापासूनच जडले, ते आयुष्यभर सुटले नाही.

सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी इंग्रजी साहित्यात एम.ए. केले. त्यांना व्हायचे होते प्राध्यापक. मुंबई विद्यापीठात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी त्यांनी अर्जही केला. परंतु ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. निराश झालेल्या नानींनी पुढे शिकायचे ठरविले तेव्हा सत्र सुरू होऊन बराच काळ लोटला होता आणि बहुतेक अभ्यासक्रमांचे प्रवेश बंद झाले होते. शासकीय विधी महाविद्यालयात मात्र प्रवेश मिळाला. भारतीय करकायद्याला त्याचा एक मोठा भाष्यकार लाभला, तो असा ओघाओघाने.

कायद्याच्या परीक्षांत ते पहिले आले. त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे ओरिजिनल साइडवर, वकिली करायची तर एलएल.बी.ची पदवी पुरत नसे. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्यांखेरीज इतरांना अ‍ॅडव्होकेट (ओ.एस.) ही वेगळी आणि कठीण समजली जाणारी परीक्षा द्यावी लागे. नानींनी ती दिली आणि तिच्या प्रत्येक विषयात पहिला क्रमांक पटकावला. पदवीनंतर परीक्षा न देताच ते मोठे झाले, असे म्हणणाऱ्यांनी हा टप्पा विसरू नये.

साहित्याचा अभ्यास वाया गेला, असेही झाले नाही. करकायद्यात शब्दाला विलक्षण किंमत असते. कायद्याच्या शब्दांत बसत असेल तरच कर लागतो. न्यायाला धरून वाटते म्हणून तो लावता येत नाही आणि अन्याय्य वाटतो म्हणून तो टाळताही येत नाही, हे या शाखेचे जुने सूत्र आहे. 'किंवा' आणि 'आणि' यांच्यातील फरकावर लक्षावधी रुपयांचा निकाल फिरतो. ज्याला वाक्य बारकाईने वाचण्याची सवय लागली आहे, त्याला करकायदा वाचणे तुलनेने सोपे जाते. वाणिज्य शाखेतून न आलेल्या विधी पदवीधरांनी आपल्याला हा विषय झेपणार नाही असे समजू नये, ते याच कारणासाठी.

सर जमशेटजींचे चेंबर

१९४४ मध्ये नानी सर जमशेटजी बेहरामजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाले. १८७५ मध्ये जन्मलेले सर जमशेटजी मुंबईचे माजी अ‍ॅडव्होकेट जनरल आणि वकीलवर्गातील पितामह. त्यांच्या चेंबरने मुंबईला किती मोठे कायदेपंडित दिले याची यादी लांबलचक आहे. राज्यघटनेचे थोर भाष्यकार होरमसजी सीरवई हेही तिथलेच. चेंबरमध्ये वर्ग भरत नसत आणि प्रमाणपत्रही मिळत नसे. कागदपत्रे वाचायची, टिपणे काढायची, ज्येष्ठांच्या मागे बसून युक्तिवाद ऐकायचे आणि कोणता मुद्दा का सोडून दिला हे समजून घ्यायचे, असा तो अभ्यासक्रम होता.

काळही अनुकूल होता. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चामुळे कराचे ओझे वाढले होते. १९४० मध्ये जादा नफ्यावरील कर आला. १९४१ च्या जानेवारीत प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाची स्थापना झाली आणि करखात्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी प्रथमच एक स्वतंत्र व्यासपीठ उपलब्ध झाले. न्यायाधिकरणापुढे हिशेबाचे वाद मिटत. कायद्याचा प्रश्न असेल तर तो उच्च न्यायालयाकडे संदर्भ म्हणून जाई. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, व्यापारी नफ्यावरील कर आणि करबुडव्यांच्या चौकशीसाठी नेमलेला आयोग या दोन्ही गोष्टी आल्या. गिरण्या, पेढ्या, विमा कंपन्या, संस्थानिक अशा सर्वांनाच करकायदा जाणणाऱ्या वकिलाची गरज भासू लागली.

बड्या वकिलांपैकी अनेकांना मात्र हा विषय रुक्ष वाटे. खुनाच्या खटल्यातील नाट्य त्यात नव्हते, मालमत्तेच्या दाव्यांतील जुनी प्रतिष्ठाही नव्हती. आकड्यांनी भरलेले ताळेबंद वाचत बसणे हे लेखापालाचे काम, अशी समजूत होती. एखाद्या गिरणीने यंत्राच्या दुरुस्तीवर खर्च केलेली रक्कम महसुली की भांडवली, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ. महसुली ठरली तर ती त्याच वर्षीच्या नफ्यातून पूर्ण वजा होते. भांडवली ठरली तर होत नाही, फार तर वर्षानुवर्षे घसारा मिळतो. उत्तर एका शब्दावर अवलंबून असले तरी ते शोधण्यासाठी हिशेबाच्या वह्या, गिरणीचे कामकाज आणि इंग्लंडमधील शंभर वर्षांचे निवाडे, या तिन्हींची जाण हवी. नानींनी या विषयातील गुंतागुंत हेरली आणि तिच्यातच त्यांना रस वाटू लागला. वाणिज्य आणि करविषयक कायदा हे त्यांचे खास क्षेत्र बनले.

तिसाव्या वर्षी भाष्यग्रंथ

चेंबरमध्ये काम करीत असतानाच नानींनी जे हाती घेतले, ते त्यांचे खरे पदव्युत्तर शिक्षण म्हणावे लागेल. १९२२ च्या भारतीय प्राप्तिकर कायद्यावर त्यांनी सविस्तर भाष्य लिहायला घेतले. 'द लॉ अँड प्रॅक्टिस ऑफ इन्कम टॅक्स' हा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाचे वय अवघे तीस वर्षांचे होते. मुखपृष्ठावर आधी गुरूचे आणि मग शिष्याचे नाव होते. म्हणूनच वकीलवर्गात तो आजही 'कांगा अँड पालखीवाला' या नावाने ओळखला जातो. या ग्रंथाचे सारे श्रेय आपल्या कनिष्ठ सहकाऱ्याचेच असल्याची कबुली सर जमशेटजींनी पुढे मोकळेपणाने दिली.

भाष्य लिहिणे म्हणजे केवळ निवाड्यांची यादी करणे नव्हे. प्रत्येक कलम शब्दाशब्दाने तपासायचे, त्यावर प्रिव्ही कौन्सिल, हाउस ऑफ लॉर्ड्स आणि देशातील निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी काय म्हटले ते जमवायचे, परस्परविरोधी निर्णय समोरासमोर ठेवायचे आणि त्यांतील योग्य कोणता व का, हे थोडक्यात सांगायचे. अशा ग्रंथात एखादे विधान सैल राहिले तर दुसऱ्याच दिवशी न्यायालयात विरोधी पक्षाचा वकील ते पुढे करणार, याची लेखकाला जाणीव असावी लागते. पालखीवाला यांची शैली आटोपशीर होती. ज्या प्रश्नावर पाने भरता आली असती तो ते काही ओळींत संपवीत. या ग्रंथातील मते न्यायालयांनी वेळोवेळी आधाराला घेतली.

एकदा लिहून हा ग्रंथ संपणारा नव्हता. दरवर्षी नवा वित्त कायदा येतो आणि कालपर्यंत बरोबर असलेले पान चुकीचे ठरते. विधी आयोगाचा १९५८ चा अहवाल आणि महावीर त्यागी समितीच्या शिफारशी यांच्या आधारे प्राप्तिकर कायदा नव्याने रचण्यात आला आणि १ एप्रिल १९६२ पासून १९६१ चा कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, रचना बदलली, काही संकल्पनाच नव्या आल्या. तोवर पालखीवाला यशाच्या शिखरावर होते. देशभरातून अशील त्यांच्याकडे येत होते. तरीही नव्या कायद्यावरचे भाष्य त्यांना पुन्हा पहिल्या कलमापासून जुळवावे लागले. नंतरच्या आवृत्त्यांत त्यांचे बंधू बेहराम पालखीवाला यांनी हातभार लावला. नानींच्या निधनानंतरही इतर कायदेपंडितांनी ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या सिद्ध केल्या.

करकायद्यातील शिक्षणाचे हे स्वरूप ध्यानात घेतले तर एक गोष्ट स्पष्ट होते. या विषयात मिळविलेली पदवी दर फेब्रुवारीत थोडी जुनी होते. ज्या पदवीधराला वाटते की एकदा एलएल.एम. झाले की अभ्यासातून सुटका, त्याने या शाखेकडे न वळलेलेच बरे.

अर्थसंकल्पाचा वार्षिक पाठ

अभ्यासाची ही वार्षिक सवय पालखीवाला यांनी सर्वसामान्य नागरिकांपर्यंत नेली. १९५८ मध्ये मुंबईच्या ग्रीन हॉटेलच्या लहानशा सभागृहात त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. ए. डी. श्रॉफ यांनी स्थापन केलेल्या 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज'च्या वतीने ही भाषणे होऊ लागली. श्रोत्यांची संख्या इतकी वाढली, की सभागृह सोडून ब्रेबर्न स्टेडियमवर जावे लागले. इतर शहरांतूनही निमंत्रणे येऊ लागली. हातात कागद न घेता, करांचे दर, महसुली तूट, सवलतींची आकडेमोड असा मजकूर ते तासाभरात हजारो श्रोत्यांपुढे उलगडून दाखवीत. व्यापारी, कारकून, विद्यार्थी, निवृत्त मंडळी असे सगळेच तेथे येत. १९९४ पर्यंत हा क्रम चालला.

या भाषणांमागे एक भूमिका होती. १९५६ मध्ये निकोलस काल्डोर या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी भारतीय करपद्धतीवर अहवाल दिल्यानंतर संपत्ती कर, व्यय कर आणि देणगी कर लागोपाठ आले. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील इस्टेट ड्युटी त्याआधीच, १९५३ मध्ये, लागू झाली होती. प्राप्तिकराचे दर चढत गेले. १९७३-७४ मध्ये सर्वोच्च टप्प्याचा दर ८५ टक्के आणि त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला. दोन लाख रुपयांवरच्या उत्पन्नातील प्रत्येक शंभर रुपयांपैकी कमावणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. त्यातच संपत्ती कर भरायचा असला तर वर्षाचा एकूण कर उत्पन्नाहूनही अधिक होण्याची शक्यता असे. इतका जबर कर प्रामाणिक माणसाला शिक्षा करतो आणि अप्रामाणिकाला बक्षीस देतो, हे पालखीवाला यांचे म्हणणे होते. भारत हा जगातील सर्वाधिक कर असलेला देश आहे, या आशयाचे पुस्तक त्यांनी १९६५ मध्येच प्रसिद्ध केले होते. काळ्या पैशाचा अभ्यास करणाऱ्या वांछू समितीनेही १९७१ च्या अहवालात उच्च दरांना करचुकवेगिरीचे एक कारण मानले. १९७४ मध्ये सर्वोच्च दर ७७ टक्क्यांवर आणण्यात आला आणि पुढे तो उतरत गेला.

त्यांच्यावर टीकाही झाली. ज्या दरांविरुद्ध ते बोलत, त्या टप्प्यात येणारे लोक मूठभर होते. कोट्यवधी गरिबांच्या देशात त्यांची कड घेणे हा वर्गीय पक्षपात आहे, असा आरोप डावे विचारवंत करीत. टाटा समूहाशी असलेल्या त्यांच्या निकट संबंधांकडेही बोट दाखवले जाई. टाटा सन्सचे ते संचालक होते, एसीसीचे अध्यक्ष होते आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे पहिले अध्यक्षही तेच. या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. कराच्या दरामागे समाजाविषयीची एक कल्पना असते आणि पालखीवाला यांची कल्पना ही खासगी उद्योगाला मोकळीक देणाऱ्यांची होती. करकायदा हा केवळ कलमांचा विषय नसून राजकारणाचा आणि अर्थकारणाचाही विषय आहे, हे मात्र त्यांचे समर्थक आणि टीकाकार या दोघांनाही मान्य करावे लागले. नव्या पदवीधराने अर्थशास्त्राची ओळख करून घ्यायला हवी, ती यासाठीच.

ताळेबंदातून राज्यघटनेकडे

आजच्या वाचकाला पालखीवाला आठवतात ते मुख्यतः घटनातज्ज्ञ म्हणून. त्यांच्या कारकिर्दीच्या या दोन बाजू परस्परांपासून वेगळ्या नाहीत. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर लावता येणार नाही, हे राज्यघटनेचा २६५ वा अनुच्छेद सांगतो. कर बसविण्याचा अधिकार केंद्राचा की राज्याचा, एकाच परिस्थितीतील दोघांवर निराळा कर का, हे घटनेचे प्रश्न आहेत. करवकिलाला घटना शिकावीच लागते.

१९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात याचा प्रत्यय आला. चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या होत्या आणि प्रश्न होता भरपाईचा. एखाद्या बँकेचे मूल्य ठरवताना इमारती आणि रोकड मोजायची. पण तिचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, वगळायचे, हे योग्य काय? सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य मानले नाही आणि कायदा रद्द ठरवला. मालमत्तेचे मूल्य कशाकशाचे बनते, हा करकायद्यातील रोजचा प्रश्न. ज्याने ताळेबंद वाचण्यात वर्षे घालवली होती, तो वकील या युक्तिवादासाठी सज्ज होता.

त्यानंतर आला केशवानंद भारती खटला. केरळमधील एका मठाधिपतींच्या याचिकेतून निघालेला हा वाद संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहे काय, या प्रश्नापर्यंत पोहोचला. तेरा न्यायमूर्तींपुढे ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात ६८ दिवस सुनावणी चालली. याचिकाकर्त्यांची बाजू पालखीवाला मांडत होते आणि त्यांच्यासमोर केरळ सरकारच्या वतीने उभे होते सीरवई. दोघेही सर जमशेटजींच्याच चेंबरमधून आलेले. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने, संसद घटनेत दुरुस्ती करू शकते पण तिची मूलभूत चौकट बदलू शकत नाही, असा निकाल लागला. आणीबाणीत, नोव्हेंबर १९७५ मध्ये, या निकालाचा फेरविचार करण्यासाठी पुन्हा तेरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. पालखीवाला यांनी त्याला कडाडून विरोध केला. दोन दिवसांच्या युक्तिवादानंतर सरन्यायाधीश अजितनाथ रे यांनी ते पीठ विसर्जित केले.

याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या निवडणूक अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांची बाजू मांडली होती. हे वकीलपत्र त्यांनी स्वीकारलेच कसे, असा प्रश्न अनेकांना तेव्हाही पडला आणि नंतरही. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी ते परत केले. त्याआधी, १९६८ मध्ये, त्यांना अ‍ॅटर्नी जनरलपद देऊ करण्यात आले होते. होकार कळवूनही रात्रभराच्या विचारानंतर त्यांनी तो मागे घेतला. त्या पदावर असते तर पुढची सर्व वर्षे त्यांना सरकारच्या बाजूने उभे राहावे लागले असते.

१९७७ मध्ये सत्तांतर झाल्यावर प्रत्यक्ष करांचे कायदे सोपे करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पण लवकरच अमेरिकेतील भारताचे राजदूत म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि समितीची धुरा सी. सी. चोकसी यांच्याकडे गेली. दोन वर्षांनी पालखीवाला मायदेशी परतले. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते पुन्हा मूलभूत चौकटीसाठी उभे राहिले आणि यशस्वी झाले.

आजच्या पदवीधरासाठी

पालखीवाला यांचे उदाहरण सर्वांना जसेच्या तसे लागू पडणार नाही. त्यांना सर जमशेटजींसारखा गुरू मिळाला. आज जिल्ह्याच्या ठिकाणाहून पदवी घेऊन आलेल्या आणि वकिलीत कोणाचीही ओळख नसलेल्या मुलाला किंवा मुलीला असे चेंबर मिळेलच असे नाही. शिवाय चेंबरमधील पहिली काही वर्षे फारसे उत्पन्न नसते. ती काढण्यासाठी घरचा आधार लागतो. ज्याला तो नाही, त्याच्यासाठी करकायद्याची पदविका किंवा एलएल.एम. हा दार उघडण्याचा मार्ग ठरू शकतो. तेथे शिक्षक भेटतात, ग्रंथालय मिळते, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत भाग घेता येतो. तामिळनाडूतील शास्त्र विद्यापीठात तर करविषयक अभिरूप न्यायालयाची राष्ट्रीय स्पर्धा पालखीवाला यांच्याच नावाने भरते. नोकरी देणाऱ्या मोठ्या सल्लागार संस्थांनाही अर्जावर विषयाची आवड दाखवणारे काहीतरी हवे असते.

मात्र शिक्षण निवडताना आपल्यात कमी काय आहे, याचा विचार आधी व्हायला हवा. विधी पदवीधराला कायद्याची कलमे वाचता येतात. बहुतेकदा त्याला हिशेब वाचता येत नाहीत. प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे, आयुक्तांपुढे आणि अपील न्यायाधिकरणापुढे सनदी लेखापालही उभे राहू शकतात. तेथे त्यांच्याशी गाठ आहे. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. १९९८ पासून संदर्भाची जुनी पद्धत जाऊन न्यायाधिकरणाच्या निर्णयावर कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते थेट उच्च न्यायालयात अपील करता येते. तेव्हा ज्याला न्यायालयात उभे राहायचे आहे, त्याला दुसऱ्या कायदाविषयक पदवीपेक्षा लेखाशास्त्राचा एक भक्कम अभ्यासक्रम अधिक उपयोगी पडेल. ज्याला अध्यापन, संशोधन किंवा आंतरराष्ट्रीय करविषयक सल्ल्याच्या क्षेत्रात जायचे आहे, त्याने एलएल.एम. जरूर करावे. केवळ निर्णय लांबणीवर टाकण्यासाठी घेतलेली पदवी मात्र दोन वर्षांनी त्याच प्रश्नाशी आणून सोडते.

काळ पुन्हा एकदा नवख्यांना अनुकूल आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि त्याच्या स्वतंत्र अपील न्यायाधिकरणाची औपचारिक सुरुवात २०२५ मध्ये झाली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी संसदेने ५३६ कलमांचा प्राप्तिकर कायदा, २०२५ संमत केला असून त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची आहे. चाळीस वर्षे वकिली केलेल्या ज्येष्ठालाही नवी कलमे नव्याने पाठ करावी लागणार आहेत. जुन्या वर्षांचे वाद जुन्याच कायद्याखाली चालणार असल्याने दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचणाऱ्यांची गरज पुढची अनेक वर्षे राहील. १९४४ मध्ये अपील न्यायाधिकरण नवे असताना एका तरुणाने जी संधी साधली, तशी संधी फार वेळा येत नाही.

पालखीवाला यांना १९९८ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविण्यात आले. त्यांच्या पत्नी नर्गेश त्यांच्याआधीच निवर्तल्या. अखेरचा काळ आजारपणात गेला आणि ११ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आवारातील वकिलांच्या कपाटांत कांगा आणि पालखीवाला यांचा ग्रंथ आजही दिसतो. तिसाव्या वर्षी त्याची पहिली आवृत्ती हातावेगळी केल्यानंतरही तिच्या लेखकाला तो विषय शिकून संपला, असे कधी वाटले नाही.